चौकाबाहेरची रेषा : जिव्या सोमा म्हसे आणि वारली चित्राची आधुनिकता

आधुनिक चित्रकलेच्या उदयाची हकिकत सांगावयास बसले म्हणजे मराठी लेखकाची लेखणी बहुधा मुंबईकडे वळते. १८५७ साली स्थापन झालेली सर जे. जे. कलाशाळा, तेथील पाश्चात्त्य वास्तववादी शिक्षण, त्या शिक्षणाच्या चौकटीत घुसमटलेल्या तरुणांचे बंड आणि १९४७ साली सूझा, रझा, आरा, हुसेन प्रभृतींनी स्थापिलेला प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हे या हकिकतीतील टप्पे आपल्या चांगल्या परिचयाचे आहेत. त्यांचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु मराठी मुलखातील आधुनिक चित्राचा आरंभ एकाच ठिकाणी व एकाच रीतीने झाला, असे मात्र मानता येत नाही. त्याचा दुसरा एक आरंभ मुंबईच्या उत्तरेस, डहाणू आणि तलासरीच्या डोंगराळ पट्ट्यात, कोणत्याही कलाशाळेचा उंबरठा न ओलांडलेल्या एका वारली शेतकऱ्याच्या हातून झाला. जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) हे त्यांचे नाव. त्यांच्या चित्रांची गणना आपण आजवर ‘लोककला’ या सदरात करीत आलो. ते सदर त्यांना पुरेसे आहे काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

सिल्वासा आणि तिच्या आसमंतातील वाचकांना या विषयाचे अगत्य विशेष वाटावे, याला कारण आहे. नगर हवेली १७८३ साली आणि दादरा १७८५ साली मराठ्यांकडून पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले, आणि तेव्हापासून वारल्यांच्या मुलखातून एक राजकीय सीमारेषा जाऊ लागली. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाली. १९६१ मध्ये हा प्रदेश केंद्रशासित म्हणून भारतीय संघराज्यात सामील झाला. २०२० मध्ये दमण व दीव यांच्याशी त्याची जोड झाली. सीमेपलीकडचा तलासरी तालुका आधी ठाणे जिल्ह्यात होता, तो २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आला. राज्यकर्त्यांचे नकाशे असे वारंवार बदलले, तरी कारवीच्या कुडाला शेणामातीने सारवून उभारलेले वारल्याचे घर सीमेच्या दोन्ही अंगांना सारखेच राहिले. दादरा व नगर हवेलीतील आदिवासींत वारल्यांची संख्या सर्वांत मोठी आहे. जिव्या म्हसे यांचा जन्म याच सीमेला लागून असलेल्या तलासरी तालुक्यातील धामणगावचा. तेव्हा त्यांची कथा ही येथील वाचकाला शेजारघरचीच कथा होय.

त्यांनी काय केले हे समजण्यासाठी त्यांना काय मिळाले होते, ते प्रथम पाहावयास हवे. वारल्यांच्या घरात लग्न निघाले म्हणजे आतल्या भिंतीवर ‘चौक’ लिहितात. भिंत शेणाने सारवून गेरूने तांबडी करावयाची, तांदळाचे पीठ पाण्यात कालवावयाचे आणि बांबूची काडी टोकाशी चावून, तिचा कुंचला करून त्या पांढऱ्या रंगाने रेषा ओढावयाच्या. हा अधिकार सवाशिणींचा. चौकोनाच्या कडांना नक्षीचे पट्टे येतात आणि मध्यभागी पालघट देवी उभी राहते. ही सृजनाची, झाडापिकाची देवी. तिच्याभोवती सूर्य, चंद्र, फणी, शिडी, झाडे, जनावरे आणि नाचणारी माणसे यांची दाटी होते. धवलेरी लग्नाची गाणी गाते आणि तिच्या मुखाने विधी पार पडतो. या लिखाणावाचून लग्न लागत नाही. म्हणजे चौक ही घराची शोभा नसून लग्नविधीचेच ते एक अंग आहे. कार्य आटोपले की त्याची निगा कोणी राखीत नाही. पुढच्या सारवणाखाली तो निमूटपणे नाहीसा होतो. लिहिणारीचे नाव कोणी विचारीत नाही, आणि तीही ते सांगत नाही.

या चित्रलिपीचे व्याकरण थोडक्यात सांगता येते. माणसाचे धड म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, डोके म्हणजे एक लहानसे वर्तुळ, हातपाय म्हणजे काड्या. चेहऱ्याला डोळे-नाक नाही. जवळचे मोठे आणि दूरचे लहान हा यथार्थदर्शनाचा नियम येथे लागू नाही. क्षितिजाची रेषाही बहुधा नसते. या साध्या योजनेत एक मर्म दडलेले आहे. दोन त्रिकोण जेथे एकमेकांना टेकतात, तो बिंदू फार नाजूक असतो. वरचा त्रिकोण किंचित कलला की आकृती वाकते, पेरू लागते, पळू लागते, नाचू लागते. चेहरा नसल्यामुळे भावाचा सगळा भार शरीराच्या कलण्यावर पडतो. भीमबेटकासारख्या प्रागैतिहासिक शैलचित्रांशी या आकृतींचे साम्य दिसते खरे. तथापि साम्यावरून वंश ठरविण्याची घाई अभ्यासकाने करू नये. आपल्या विषयापुरते एवढे पुरे आहे की, जिव्यांना एक परिपूर्ण भाषा वारशाने मिळाली. मात्र त्या भाषेत कोणी बोलावयाचे आणि कोणत्या प्रसंगी बोलावयाचे, हे रूढीने आधीच ठरवून टाकलेले होते.

जिव्यांच्या बालपणाविषयी जी हकिकत सांगितली जाते, ती त्यांच्या कलेच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. सात वर्षांचे असताना त्यांची आई वारली. त्या आघाताने मुलाची वाचा मिटली, आणि पुढे कित्येक वर्षे ते कोणाशी बोलत नसत. जे सांगावयाचे ते मातीत बोटाने वा काडीने रेखाटून दाखवीत. अकरा वर्षांच्या सुमारास ते डहाणू तालुक्यातील गंजाडजवळच्या कळंबीपाड्यात आले आणि तेथेच त्यांचे उर्वरित आयुष्य गेले. या हकिकतीतील मातीवरची चित्रे कोणत्याही विधीची नव्हती. त्यांना सवाशिणीचा अधिकार लागत नव्हता, लग्नाचा मुहूर्त लागत नव्हता. एका एकाकी मुलाची ती बोलण्याची गरज होती. चौक हे सगळ्या समाजाचे उच्चारण. धुळीतले चित्र मात्र एकट्याचे. पुढे जे घडले त्याचे बीज येथे पडलेले दिसते.

काळही लक्षात घेण्यासारखा आहे. ज्या सुमारास जिव्या कळंबीपाड्यात आले, त्याच १९४५ साली उंबरगाव-डहाणू भागातील वारली वेठबिगार आणि लग्नगडीची पद्धत यांविरुद्ध उठले होते. लग्नासाठी काढलेल्या थोड्याशा कर्जापायी नवराबायकोने जमीनदाराकडे जन्मभर राबावयाचे, अशी ती पद्धत होती. त्या लढ्याचा वृत्तान्त गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात नोंदविलेला आहे. ज्या लग्नाच्या भिंतीवर पालघट देवी समृद्धीचे चिन्ह होऊन उभी राही, तेच लग्न घरधन्याला दास्यात ढकलीत असे, हा विरोध वारली चित्राचे कौतुक करणाऱ्याने कधी दृष्टीआड करू नये. जिव्यांच्या चित्रांत या दास्याचे दर्शन उघडपणे घडत नाही. तरीही त्यांतील माणूस सदैव कामात असतो, हे मात्र ठळकपणे दिसते.

आता भास्कर कुलकर्णी यांच्याकडे वळू. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले हे चित्रकार स्वतः आधुनिक वृत्तीचे होते. १९६६–६७ च्या बिहारमधील दुष्काळात हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांच्या सांगण्यावरून ते मधुबनीस गेले. तेथील स्त्रियांनी भिंतीवरची चित्रे कागदावर काढावीत आणि त्यांतून चार पैसे मिळवावेत, असा तो उपक्रम होता. १९७० नंतर लवकरच ते गंजाडच्या परिसरात आले. त्यांनी वारली चित्राचा ‘शोध लावला’ असे लिहिण्याचा प्रघात आहे. परंतु ज्याची परंपरा लग्नागणिक चालू होती त्याचा शोध कसला लावावयाचा? कुलकर्ण्यांचे खरे कार्य याहून वेगळे आणि अधिक मोलाचे आहे. त्यांनी कागद आणि रंग दिले, आणि काय काढावयाचे हे सांगितले नाही. शहरी शिक्षणाचे संस्कार या हातावर होऊ न देण्याचा संयम त्यांनी पाळला. लग्न नसताना, विधी नसताना चित्र काढणारा एक पुरुष त्यांना येथे भेटला. त्या पुरुषाला आजवर मिळाले नव्हते ते म्हणजे टिकणारे फलक आणि पाहणारा डोळा. १९७५ साली मुंबईच्या गॅलरी केमोल्डमध्ये जिव्यांची चित्रे मांडली गेली, १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी फ्रान्समधील मान्ताँ येथे ती प्रदर्शित झाली.

भिंतीवरून कागदावर येणे ही केवळ साहित्याची अदलाबदल नव्हे. भिंतीवरच्या चौकाला मध्य असतो, कारण तेथे देवी उभी असते. आजूबाजूचे सारे जग तिच्या आश्रयाने राहते. कागदावर देवी येईलच असे नाही. ती आली नाही म्हणजे मध्य मोकळा पडतो आणि चित्रकाराला प्रश्न पडतो : आता या जागेत काय ठेवावे, आणि का ठेवावे? हा प्रश्न परंपरेत कोणाला पडत नव्हता. तो पडला त्या क्षणी चित्रकार आपल्या निवडीचा धनी झाला. माझ्या मते वारली चित्राची आधुनिकता येथून सुरू होते. चित्राला नेमून दिलेले कार्य सुटणे, ते एका व्यक्तीच्या पाहण्याची साक्ष होणे, आणि त्या साक्षीची जबाबदारी त्या व्यक्तीने स्वतःच्या नावाने घेणे, या तीन गोष्टी जेथे एकत्र येतात तेथे आधुनिक चित्र जन्मास येते. यांपैकी एकीलाही तैलरंगाची किंवा पॅरिसच्या वारीची आवश्यकता नाही.

या रिकाम्या मध्याला जिव्यांनी दिलेले उत्तर त्यांच्या मासेमारीच्या जाळ्याच्या चित्रांत उत्तम दिसते. हा विषय त्यांनी वेगवेगळ्या रीतींनी हाताळला. शेणाने सारवलेल्या कापडावर पांढऱ्या रंगाने एक प्रचंड जाळे पसरलेले असते. दुरून पाहावे तो एखाद्या ढगासारखा किंवा डोंगराच्या उतारासारखा एक शुभ्र आकार वळसे घेताना दिसतो. जवळ जावे तो त्या आकाराचे शेकडो-हजारो बारीक घर होतात, प्रत्येक घर हाताने ओढलेले, आणि कोणतेही दोन अगदी सारखे नाहीत. माणसे, होड्या, मासे कडेला वा जाळ्याच्या आत फार लहान आहेत. चौकात जी जागा देवीची होती, ती येथे माणसाच्या हातच्या विणकामाने व्यापली आहे. जाळे हे चित्राचा विषय आहे, तसेच ते चित्र काढण्याच्या क्रियेचेही रूप आहे. कारण जाळे विणणारा जसा एकेक गाठ मारीत पुढे सरकतो, तसाच हा चित्रकार एकेक रेषा ओढीत पुढे सरकलेला आहे. आकृती आणि अमूर्त यांच्या सीमेवर उभे राहण्याचे जे कोडे शहरी चित्रकारांनी मोठ्या तात्त्विक खटाटोपाने सोडविले, ते येथे एका कसबाच्या नित्यव्यवहारातून सहज उलगडते.

दुसरा विशेष गतीचा. दिवस असो वा रात्र, माणसे, पाखरे, जनावरे, किडेमुंग्या यांची हालचाल अखंड चालू असते आणि जीवन म्हणजे ही हालचालच, अशा आशयाचे जिव्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. तारपा वाजविणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांची वलये घेत जाणारी रांग हा वारली चित्रातील सर्वपरिचित विषय. जिव्यांच्या हातून त्या रांगेला विलक्षण जिवंतपणा येतो, याचे कारण त्यांची प्रत्येक आकृती आपापल्या पावलाच्या वेगळ्या क्षणी पकडलेली असते. एक पाऊल उचलते आहे, दुसरी ते टेकते आहे, तिसरीचा तोल अजून जुळावयाचा आहे. ठसा उमटविल्यासारखी तीच आकृती पुनःपुन्हा काढली तर नाच थांबतो. हा सूक्ष्म भेद ज्याला दिसला त्याला जिव्या आणि त्यांचे असंख्य अनुकरणकर्ते यांतील अंतर वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

जगातील इतर आधुनिकांशी त्यांची तुलना केली तर एक मनोज्ञ गोष्ट आढळते. विसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसमधील चित्रकार आफ्रिकी मुखवट्यांकडे वळले. पॉल क्ले याला बालकांच्या चित्रांत मूळ रेषा सापडली. आपल्याकडे जामिनी राय (१८८७–१९७२) यांनी तैलचित्रणातील कमावलेले कौशल्य बाजूला ठेवून बंगालच्या पटांचा मार्ग धरला. हे सर्व विद्यालयाकडून लोककलेकडे आले. जिव्यांचा प्रवास उलट दिशेचा आहे. लोकपरंपरेच्या गाभ्यातून निघून ते व्यक्तिगत दृष्टीकडे गेले. त्यांना साधेपणा मिळवावयाचा नव्हता, तो त्यांच्याजवळ होताच. त्यांना त्या साधेपणात स्वतःचे असे काही म्हणावयाचे होते. १९८९ साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात ‘पृथ्वीचे जादूगार’ या अर्थाच्या नावाचे जे प्रदर्शन भरले, त्यात त्यांची चित्रे जगातील आधुनिक कलावंतांच्या बरोबरीने मांडली गेली. २००३ साली जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे इंग्रज कलावंत रिचर्ड लाँग यांच्या कृतींबरोबर त्यांचे संयुक्त प्रदर्शन झाले. पायी चालत जाऊन माती-दगडांच्या रेषा आणि वर्तुळे रचणारा एक युरोपीय आणि मातीत बोटाने रेषा ओढीत वाढलेला एक वारली, यांची ही गाठ योगायोगाची म्हणता येणार नाही. २००९ साली नेदरलंड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार आणि २०११ साली पद्मश्री हे सन्मान त्यांना लाभले. १५ मे २०१८ रोजी त्यांचे निधन झाले. सदाशिव आणि बाळू या त्यांच्या मुलांनीही चित्रकलाच पत्करली.

येथवर केलेला गौरव एकांगी होऊ नये म्हणून एका अवघड प्रश्नाला सामोरे गेले पाहिजे. चौक लिहिण्याचा अधिकार स्त्रियांचा होता. चित्र कागदावर आले, विकले जाऊ लागले, त्याला नाव आणि मानधन मिळू लागले, आणि नेमके त्याच वेळी ते बव्हंशी पुरुषांच्या हाती गेले. मिथिलेशी तुलना केली म्हणजे ही गोष्ट अधिकच बोचते. भास्कर कुलकर्णी यांनीच जेथे कागद पोहोचविले त्या मधुबनीत भिंतीवर लिहिणाऱ्या स्त्रियाच नामांकित चित्रकार झाल्या : जगदंबा देवींना १९७५ साली, सीता देवींना १९८१ साली आणि गंगा देवींना १९८४ साली पद्मश्री मिळाली. डहाणूच्या सवाशिणींची नावे मात्र आपणास ठाऊक नाहीत. याचा दोष जिव्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल; त्यांनी कोणाची जागा बळकावली नाही, विधीबाहेरची एक नवी जागा निर्माण केली. परंतु ज्या आधुनिकतेने एका पुरुषाला नाव दिले, तिने ज्यांच्यापासून तो हे व्याकरण शिकला त्यांना अनामच ठेवले, हे सत्य त्यांच्या चरित्राबरोबरच सांगावयास हवे. अनामिकता विधीत शोभते, कारण तेथे कोणाचेच नाव नसते. बाजारात तीच अनामिकता नुकसान ठरते.

दुसरा आक्षेप असा की, बाहेर पडल्यामुळे चौक दुबळा झाला. वारली आकृत्या आज पिशव्यांवर, पेल्यांवर, साड्यांवर, उपाहारगृहांच्या भिंतींवर सर्वत्र दिसतात. या आकृतींना समाजाची संपत्ती म्हणून भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले असले तरी ज्याला दोन त्रिकोण जोडता येतात तो स्वतःला वारली चित्रकार समजतो. या आक्षेपात तथ्य आहे. तथापि त्यावरचा उपाय चित्राला पुन्हा भिंतीत कोंडण्याचा नव्हे. जिव्यांच्या कृती काळजीपूर्वक पाहिल्या तर नक्कल आणि निर्मिती यांतील भेद त्याच शिकवितात. समाजाचे व्याकरण समाजाचेच राहील. पण त्या व्याकरणात लिहिलेल्या वाक्याला लेखक असतो, आणि त्याचे नाव विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

ही सवय लावण्याचे काम शिक्षकांइतके दुसऱ्या कोणाला साधणार नाही. आपल्या शाळांतून चित्रकलेच्या तासाला ‘वारली’ शिकवितात ती बहुधा अशी : एक वर्तुळ काढा, खाली दोन त्रिकोण जोडा, हातपाय काढा, झाला माणूस. मुलांना तेवढ्याने गंमत वाटते. पण ज्या समाजाची ही लिपी, त्याच समाजाचे मूल वर्गात शेवटच्या बाकावर बसलेले असले तर त्याच्या घरच्या देवतेचा नमुना होऊन फळ्यावर आलेला त्याला दिसतो, आणि बोलावे असे त्याला काही उरत नाही. याऐवजी त्याच वर्गाला आधी शाळेबाहेर न्यावे. भात लावणारी वाकते कशी, मोळी घेऊन चालणाऱ्याचा तोल कोठे असतो, विहिरीतून पाणी ओढताना कमरेत कोठे बाक पडतो, हे पाहावयास लावावे, आणि मग त्या दोन त्रिकोणांना तो बाक देता येतो का ते मुलांना करून पाहू द्यावे. ज्या मुलाच्या घरी चौक लिहिला गेला असेल त्याला तो कोणी लिहिला हे विचारावे, आणि त्या आजीचे वा आत्याचे नाव फळ्यावर लिहावे. जिव्या सोमा म्हसे यांचे चित्र दाखवावे तेव्हा तेही त्यांच्या नावासकट दाखवावे.

ज्याची वाचा लहानपणी मिटली त्या मुलाला मातीने बोलते केले. पुढे त्याच बोटाने ओढलेली रेषा चौकाच्या बाहेर पडली आणि जगभर जाऊन पुन्हा कळंबीपाड्यातच परतली. आपल्या वर्गांतूनही गप्प बसणारी मुले असतात. त्यांच्या हाती काडी आणि माती यांखेरीज काही नसेल, तरी ती काय रेखाटीत आहेत याकडे क्षणभर थांबून पाहणारा एक डोळा त्यांना आपण देऊ शकतो.